ताशा तिच्या गळ्यात

लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. बायको पथकात ताशा वाजवते आणि हा रजा टाकून तिच्यापुढे चालतो, हातात पाण्याची बाटली, खांद्याला तिची पिशवी. मी हसून मान हलवायचो. आत काय चाललेलं असायचं ते माझं मला ठाऊक. अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

कारण तो ताशा माझा होता. वस्तू मंडळाची, हे खरं. पण नव्वदच्या आसपास जयनगरातल्या आमच्या मराठी मंडळात कुणालाही विचारलं असतं की ढोल-पथकात पुढचा ताशा कुणाचा, तर त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं असतं. आमचं घर मूळ निपाणीकडचं, आजोबांपासून बंगळुरात. घरात मराठी, दारात कन्नड. पथकातली पोरं मला अण्णा म्हणायची आणि मी रागावलो की ढोलामागे लपायची.

ज्यांनी पथक जवळून पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. ढोलाकडे ताकद असते, पण अक्कल ताशाची. ताशाच्या काड्या इतक्या भराभर पाडायच्या की एकच सलग आवाज निघावा, त्याला आम्ही तर्री म्हणतो. तर्री सुटली की ढोलवाले सावध होतात, ठेका बदलला की मागच्या सगळ्या रांगा बदलतात. पुढच्या ताशेवाल्यानं नुसती हनुवटी उचलली तरी रस्ताभर दणदणणारे ढोल एकदम गप्प होतात. ही सत्ता ज्यानं एकदा भोगली त्याला पुढे कारखान्यातली बढती काय सुख देणार?

आणि बढतीनंच घात केला. कारखान्यात मला सुपरवायझर केलं आणि कायमची दुसरी पाळी दिली. पथकाचा सराव संध्याकाळी. पथकाचा नियम असा की जो सरावाला येत नाही त्याच्या गळ्यात मिरवणुकीत वाद्य पडत नाही, मग तो कुणी का असेना. नियम चांगला होता. मीच केला होता.

मी गेलो तर पुढे ताशा कोण वाजवणार, असा प्रश्न आला. पथकप्रमुख म्हणजे एका बँकेतले कॅशियर, वयानं मोठे, स्वभावानं देवमाणूस. ते घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, वहिनींना जमेल का? मला हसू आलं. आमची ही बेळगावची. लग्नानंतर मी रोज सकाळी उशीवर काड्या पाडून हात तयार ठेवायचो आणि ही स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘‘आज डावा हात मागं राहतोय तुमचा.’’ मी म्हणायचो, तू पोळ्या बघ. पण म्हटलं, घरातली घरात राहील, वर्ष-दोन वर्षांत साहेबांना सांगून पाळी बदलून घेतली की आपलं आपण परत घेऊ. म्हणून मीच तिच्या हातात काड्या दिल्या. धरायच्या कशा, मनगट सोडायचं कसं, सगळं मीच दाखवलं.

पहिल्या वर्षी ती वाईट वाजवायची. त्या वर्षी माझ्याइतका प्रेमळ नवरा अख्ख्या बंगळुरात नसेल. मिरवणुकीत तिचा ठेका घसरला की मी लांबूनच ‘‘असू दे, असू दे’’ करायचो. रात्री तिच्या मनगटाला तेल चोळून द्यायचो. लोक मला येऊन सांगायचे, ‘‘अण्णा, तुमच्या हाताची मजा नाही हो.’’ मी म्हणायचो, शिकेल हळूहळू. हे वाक्य मी फार गोड आवाजात म्हणायचो.

आणि मेली शिकली की हो.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सवाला मंडळानं पथक पाठवलं होतं. लाल-पिवळे झेंडे, पुढे कन्नड मंडळींचे तमटे, म्हणजे त्यांच्या हलग्या, त्यामागे आम्ही. चौकात ती थांबली आणि तिनं तर्री सोडली. बारीक सुरू झाली आणि फुलत फुलत गेली, कुठे खाच नाही, कुठे दम लागल्याची खूण नाही. शेजारचा शहाळीवाला कोयता हातात तसाच धरून मला म्हणाला, ‘‘अक्का तुंबा चेन्नागि बारिस्तारे, सार.’’ अक्का फार छान वाजवतात. मी मान हलवत त्याला म्हटलं, ‘‘हौदु, हौदु,’’ आणि शहाळं न घेताच पुढे गेलो. गुरूची विद्या गुरूला फळली, दुसरं काय.

त्यानंतर मी एकही कार्यक्रम चुकवला नाही. गणपती, शिवजयंती, पाडव्याची शोभायात्रा, देवनहळ्ळीच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन. देवनहळ्ळीला तर मी रात्री उशिरा पाळी संपवून दोन घटका पडलो आणि सकाळी पथकाबरोबर बसमध्ये उभ्यानं गेलो. लोकांना वाटायचं ही निष्ठा. निष्ठा होतीही, खोटं कशाला बोलू. माझ्या तरुणपणातलं जे काही बरं होतं ते त्या पथकात होतं, त्याच्यापासून लांब राहणं मला जमेना. पण जवळ गेलं की पोटात दुखायचं. पथकाच्या पुढे, बरोबर तिच्या समोर, मी उलटा चालायचो, तोंड तिच्याकडे करून. गर्दी बाजूला सारायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. ती जरा वेगात गेली की मी तळहात खाली दाबून खूण करायचो, स्वल्प सावकाश. ठेका बदलायच्या आधी मी भुवया वर करायचो, म्हणजे तिला आठवण राहावी. तिला आठवणीची गरज होती का, हा विचार मला शिवलाच नाही. घरी आल्यावर जेवताना मी चुका सांगायचो. ती ऐकून घ्यायची, आमटी वाढायची आणि कन्नडात म्हणायची, ‘‘सरी.’’ म्हणजे बरं.

पुढे पुढे पुण्या-मुंबईची नवी पोरं पथकात यायला लागली. कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली, व्हाइटफील्डकडे कामाला जाणारी. घरची आठवण येते म्हणून ढोल उचलणारी. एका विसर्जनाला त्यातला एक जण माझ्याजवळ आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, ‘‘काका, तुम्ही अक्कांचे मिस्टर ना? अक्का कसल्या भारी वाजवतात. तुम्हाला पण इंटरेस्ट आहे का ह्यात?’’

माझा असा तिळपापड झाला म्हणून सांगू. त्याचा काही दोष नव्हता. त्यानं मला ताशासकट पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘‘आहे थोडा,’’ आणि बाटली त्याच्या हातात देऊन चहा प्यायला निघून गेलो.

मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, विसर्जनाच्या मिरवणुकीत तो ताशा माझ्या गळ्यात पडावा. पोरांनी बघावं, शहाळीवाल्यानं बघावं आणि हिनंही बघावं. मी पथकप्रमुखांना दोनदा विचारलं. एकदा आडून, एकदा सरळ. आडून विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. सरळ विचारलं तेव्हा ते कळवळून म्हणाले, ‘‘अहो, तुम्हाला नाही म्हणताना मला कसं वाटत असेल? पण उद्या सगळे असंच मागतील. नियम तुमचाच ना.’’ मी घरी येऊन हिला ते सांगितलं नाही. पण बंगळूरच्या मराठी मंडळात एक गोष्ट गुप्त राहिली असेल तर शपथ.

त्या वर्षीच्या विसर्जनाला आम्ही येडियूरच्या तळ्याकडे निघालो होतो. वाटेत सिग्नलपाशी गाड्या तुंबल्या आणि मिरवणूक थांबली. ही माझ्याजवळ आली, गळ्यातला पट्टा काढला आणि म्हणाली, ‘‘अहो, हे धरा. माझा हात भरून आलाय.’’

मी म्हटलं, ‘‘नियम आहे.’’

‘‘असू दे नियम. मला वाजवता येत नाही म्हणते ना मी,’’ असं म्हणून तिनं पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. मी पथकप्रमुखांकडे पाहिलं. ते एका माणसाला रस्त्यातली स्कूटर काढायला सांगण्यात एकदम फार गर्क झाले.

काड्या हातात आल्या. सिग्नल सुटला, मी तर्री सोडली, ढोल पडले. बरं चाललं होतं. पण दोन-चार मिनिटांत माझ्या लक्षात आलं की पुढच्या रांगेतलं एकही पोर माझ्याकडे बघत नाही. ही माझ्या शेजारून मोकळ्या हातांनी चालत होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिनं सवयीनं जराशी मान तिरकी केली मात्र, ढोलांनी ठेका बदलला. मी अजून जुन्याच ठेक्यात. ताशा एकीकडे, ढोल दुसरीकडे, मधे नुसता खडखडाट. फुटपाथवरचे लोक हसले. ताशा माझ्या गळ्यात आणि पथक तिच्या ताब्यात. त्या क्षणी मला तिचा जो राग आला तसा लग्नापासून कधी आला नव्हता.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पाठ फिरवली, ढोलांच्या रांगांमधून वाट काढत मागे गेली आणि गणपतीच्या लॉरीमागे दिसेनाशी झाली. पोरं बावचळली. बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा माझ्याकडे बघायला लागली. मी ठेका धरला, ते आले. मी बदलला, ते बदलले. तिथून तळ्यापर्यंत रस्ता माझा होता. घाम डोळ्यांत जात होता, मनगट दुखत होतं आणि मी वेड्यासारखा वाजवत होतो. वळणावर हनुवटी उचलली आणि सगळे ढोल गप्प झाले तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं. नवा पोरगा म्हणाला, ‘‘काका, हे कुठं लपवून ठेवलं होतं?’’ त्याच्यावरचा माझा सगळा राग गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्याहारीला अवलक्की, म्हणजे पोहे, करत होती. मी ओट्याशी उभा राहिलो. म्हटलं आता ही काहीतरी बोलेल. शेवटी मीच विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’

‘‘चांगलं वाजवलंत.’’

‘‘तुला कसं कळलं? तू तर मागं निघून गेलीस. बघायचं तरी.’’

ती शेंगदाणे परतत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘तुम्ही समोर उभे राहून बघता ना, तेव्हा माझा हात आखडतो. मला वाटलं, मी बघितलं तर तुमचाही आखडेल.’’

दूध संपलंय, असं सांगावं तशा आवाजात. त्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर मी परतवला असता. मी म्हटलं, ‘‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही रजा टाकून येत होतात. येऊ नका कसं म्हणायचं?’’

मला ते पटलं नाही, हे सांगून टाकतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. काहीतरीच बोलते, हात आखडतो म्हणे, मी शिकवलेला हात तो, माझ्यापुढे कशाला आखडेल? वर्षभर हे डोक्यात राहिलं. पुढच्या विसर्जनाला मी ठरवलं, बघूच. तिला सांगितलं, या खेपेला मी मागून चालतो, तू तुझं वाजव. ती म्हणाली, ‘‘सरी,’’ आणि बाटली स्वतःच पिशवीत टाकली.

लॉरीच्या मागे मिरवणुकीतलं काहीच दिसत नाही. तिथं जनरेटर असतो, चपला हातात घेतलेल्या म्हाताऱ्या असतात, झोपलेली पोरं खांद्यावर टाकलेले बाप असतात. मी त्यांच्यात चालत होतो. जनरेटरची घरघर कानाला सरावली आणि मग पुढून तिची तर्री आली.

मी तिला वर्षानुवर्षं चार हातांवरून ऐकलं होतं. हे मी ऐकलेलं नव्हतं. तीच बाई, तोच ताशा, मीच शिकवलेले ठेके, पण मधे मधे ती असं काही सोडत होती, एखादा ठोका राखून ठेवत होती, परत उचलत होती, की मागच्या एका म्हातारीनं चालता चालता थांबून माझा दंड धरला. ‘‘कोण हो वाजवतंय?’’ तिनं विचारलं.

मला बायको म्हणवेना. मी म्हटलं, ‘‘अक्का.’’

तळ्यापर्यंत मी तसाच ऐकत गेलो आणि जळत गेलो, आधी कधी जळलो नव्हतो इतका. कारण आता मला कळलं होतं की मी इतकी वर्षं जळत होतो ते तिच्या निम्म्याच हातावर. उरलेला निम्मा माझ्या धाकानं तिनं आवरून धरला होता.