उत्तरेचं म्हणून विकलेलं बी

लाउगा थोर्डारसननं आमच्या शाळेत बावीस वर्षं झाडलोट केली. सगळे तिला मावशी म्हणत, मुख्याध्यापकसुद्धा. मी तिसरीला शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत बॉयलरच्या खोलीत तिच्याबरोबर कॉफी प्यायचे. तिथं खिडकीखाली ओल्या वाळूच्या पेट्या असत. त्यात रानगुलाबाचं बी. तीन महिने उबेत, मग उरलेला हिवाळा बाहेर बर्फाखाली. तरीही बरंचसं बी एक अख्खा उन्हाळा आणि आणखी एक हिवाळा खाऊन मगच डोकं वर काढतं.

सरोवरावरून येणारा वारा शाळेच्या दाराशी बर्फाचे ढीग लावायचा. शाळेच्या मंडळानं आडोसा करायला नकार दिला, तेव्हा मावशी म्हणाली, "मी रानगुलाबाचं कुंपण उगवून देते. बर्फही अडेल आणि जूनमध्ये फुलेलही."

रेल्वेच्या रुळांकडेच्या चरातली रानगुलाबाची लाल बोंडं तिनं स्वतः खुडली, पण ती पुरेनात. म्हणून दर जुलैत भरणाऱ्या शेती-प्रदर्शनात पेंड्री नावाच्या बियाणेवाल्याकडून पाकिटं घेतली. त्यांवर ठळक छापलं होतं, 'पीस नदीच्या खोऱ्यातलं'. ते खोरं आमच्याहून उत्तरेला, म्हणजे बी आमच्या थंडीला भ्यायचं कारण नव्हतं.

पाचव्या वर्षी रोपं मैदानाकडेला लागली. पुढची ओळ चरातल्या बियांची, मागची पाकिटातल्या. सप्टेंबरात पुढच्या ओळीची पानं लाल होऊन झडली. मागची ऑक्टोबरातही हिरवीगार, वर कोवळे कोंब फुटलेले.

"यांना निजायची वेळ कळत नाही गं," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

त्या जानेवारीत रोपांवर बर्फाचं उबदार पांघरूण पडलंच नाही आणि पारा उणे एकेचाळीसला गेला. मे महिन्यात मावशीनं प्रत्येक काडीची साल नखानं खरवडून पाहिली. पुढच्या ओळीत आत हिरवं. मागच्या ओळीत मुळापर्यंत तपकिरी. त्या ओळीतल्या चौसष्टपैकी तीनच जगली.

मंडळाचा रुनोल्फुर हसून म्हणाला, "मावशी, सरपणाची लागवड केलीस की काय?"

तिनं पेंड्रीला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. जुलैत प्रदर्शन भरलं, त्या सकाळी ती मेलेल्या रोपांची मोळी घेऊन माझ्या दारात उभी. "थोरा, गाडी काढ."

पेंड्रीनं मोळी पाहिली आणि खांदे उडवले. "हिवाळा कडक होता, बाई. झाडच ते, मरतं कधीकधी."

"शेजारच्या ओळीतलं एकही मेलं नाही. हे बी कुठलं ते सांगा."

"जात तीच. लॅटिन नावही तेच. कुठं गोळा केलं त्यानं काय फरक पडतो?"

"मग पाकिटावर पीस नदी कशाला छापलीत?"

तो हसला, जणू तीही त्याच्याच धंद्यातली. "खाली दक्षिणेतल्या न्यू मेक्सिकोहून घाऊक येतं. उत्तरेचं म्हटलं की इकडचे लोक घेतात. सगळेच करतात हो! हवं तर दोन पाकिटं फुकट घेऊन जा."

माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीनं मोळी त्याच्या पाकिटांवर आदळली. इथून पुढं तिनं त्याला अहोजाहो केलं नाही.

"पाच वर्षं गेली माझी! बासष्टची आहे मी. ती पाच वर्षं पाकिटात घालून देतोस? ठाऊक असून खोटं छापलंस, आणि वर दात काढतोस?"

प्रदर्शनाच्या सेक्रेटरीबाई धावत आल्या. "मावशी, जरा हळू. लोक बघताहेत."

"बघू देत की! त्यांच्यासाठीच ओरडतेय."

बाहेर काढलं ते तिला. त्याला नाही! मग ती संध्याकाळपर्यंत फाटकाशी उभी राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याला सालीखालचं तपकिरी दाखवत. काहींनी ऐकलं. काहींनी तिच्यासमोरून त्याचीच पाकिटं नेली.

पुढं प्रदर्शनाच्या समितीचं पत्र आलं, मावशीला तिथं यायला दोन वर्षं बंदी. पेंड्रीचं दुकान मात्र पुढच्या जुलैतही त्याच कोपऱ्यात लागलं. पाकिटावर आता 'उत्तरेसाठी उत्तम' लिहिलेलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

मावशीनं पुन्हा चरातली बोंडं खुडली. प्रत्येक पुडीवर कुठल्या रस्त्याची, कुठल्या खांबाजवळची, ते लिहिलं. मागितलं त्याला बी दिलं. मागची ओळ भरायला आणखी सहा वर्षं लागली, तोवर ती निवृत्तही झाली होती. कुंपणाच्या समारंभात रुनोल्फुरनं मंडळाच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. मावशी मागच्या बाकावरून ओरडली, "मंडळ कुठलं? मी लावलंय ते!" आणि शांतपणे केकचा तुकडा उचलला.

आता ती सत्त्याहत्तरची आहे. पेंड्री वारला, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, सोड आता राग."

"चूक त्याची," ती म्हणाली, "आणि सोडायचं मी?"