उस्तादांना दिलेली पाच वर्षं

हिंगोलीला फुटबॉलचा क्लब होता असं सांगितलं की आताची पोरं हसतात. पण होता. इंग्रजांची छावणी उठल्यावर रिकाम्या राहिलेल्या माळावर आम्ही खेळायचो, आणि दर वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडच्या संघाकडून हरायचो. दसऱ्याला आलेली खेड्यापाड्यांची माणसं बैलगाड्यांवर उभी राहून आमचं हरणं बघत आणि मग गाड्या जुंपून गावाला जात. मी त्या संघाचा कप्तान होतो.

एका वर्षी क्लबचे प्रमुख असलेल्या वकीलसाहेबांनी हैदराबादहून उस्तादांना आणलं. उस्ताद पलटणीच्या संघात वीस वर्षं खेळून पेन्शनीवर आले होते. उंच, वाकलेले, बोलणं हळू. त्यांनी एकच अट घातली.

"पाच साल मेरेकु हारजीत नक्को पूछो. पाच साल बाद जो पूछना सो पूछो."

वकीलसाहेबांनी पानाचं तबक फिरवलं. आमच्याकडे बैठकीत विडा उचलला की शब्द दिला असं धरतात, मग कागद लागत नाही. सगळ्यांनी विडा उचलला. मीही उचलला.

उस्तादांनी पहिलं काम केलं ते आम्हाला काढण्याचं. ते पायी नरसीला गेले, डोंगरकडा गावाला गेले, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जाऊन बसले आणि सोळा-सतरा वर्षांची अकरा पोरं गोळा करून आले. जोरात पळणारी पोरं त्यांना नको होती. पळता पळता मान वळवून बघणारी हवी होती.

"कप्तान, तुम अच्छे खेलते," ते मला म्हणाले. "पर पाच साल बाद तुम्हारे घुटने बोलेंगे. तुम मेरी आँखें बनो."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. जवळचं दिसे, वीस पावलांपलीकडचं धूसर होई. लांबचं बघून त्यांना सांगायचं, हे माझं काम ठरलं.

सराव कयाधू नदीच्या वाळूत चाले, आणि बहुतेक वेळा चेंडूशिवाय. हिवाळ्यात नदीवर धुकं असे. त्या धुक्यात अकरा पोरं नसलेल्या चेंडूमागे धावत. एकाने पायाने हवेत फटका मारायचा, दुसऱ्याने त्याचा पाय बघून तो चेंडू कुठे येईल ते ओळखून अडवायचा, तिसऱ्याकडे द्यायचा. पायांचा आवाज वाळू गिळून टाकी. काठावर बसून बघताना कधी कधी मला वाटे की हे सगळं मी झोपेत बघतोय. असं बरंच चाललं की उस्ताद एकदम शिट्टी वाजवत. शिट्टी झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि चेंडू जिथे असेल तिकडे बोट करायचं. एकाचं बघून दुसऱ्याने करू नये म्हणून डोळे मिटायचे. बोटं खाली आल्यावरच उघडायचे.

"सब एक जगा?" उस्ताद मला विचारत.

"न्हाई उस्ताद. अकरा बोटं, अकरा दिशा."

ते मान हलवत. "जिस दिन सब एक जगा, उस दिन टीम बनी समझो."

पहिल्या दसऱ्याला आम्ही सहा गोलांनी हरलो, दुसऱ्याला पाच. गाडीवरून कोणी ओरडलं, "नांदेडवाल्यांनो, तुमी बी चेंडू घरी ठिवून येत जा! आमचे पोट्टे बिनचेंडूचंच खेळतेत!" सगळा माळ हसला. मीही हसलो. आज लिहिताना लाज वाटते, पण मला त्या हसण्यात सुख होतं.

तिसऱ्या दसऱ्याला चार गोलांनी हरलो. वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर बैठक बोलावली.

त्या सकाळी बैठकीला जाण्याआधी मी नदीवर गेलो. एवढं हरल्यावर कोणी येणार नाही असं वाटलं होतं. पण सगळी अकरा पोरं आली होती. ऊन नुकतं धुक्यात शिरत होतं, आणि वाळू, पाणी, पोरं सगळं एकाच दुधी रंगाचं झालं होतं. कोणी बोलत नव्हतं. खेळ सुरू झाला आणि पहिल्यांदाच मला कोण कोणाकडे देतोय हे शोधावं लागलं नाही. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे नुसता वाहत होता. तांड्यावरचा एक सडपातळ पोरगा डाव्या अंगाने पुढे निघाला आणि मला, काठावर बसलेल्या मला, चेंडू दिसला. कमरेइतका वर, किंचित फिरणारा.

उस्तादांनी शिट्टी दिली. अकरा जणांनी डोळे मिटले. अकरा बोटं त्याच जागी गेली.

"सब एक जगा?" उस्तादांनी विचारलं.

चेंडू मलाही दिसतोय, मग मी त्यांच्यात का नाही, एवढंच माझ्या मनात आलं. दुसरं काही नाही. मी म्हणालो, "न्हाई उस्ताद. दोघं-तिघं चुकले."

बोटं खाली आली. पोरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

तिथून मी सरळ ओसरीवर गेलो. वकीलसाहेब तसे न्यायी माणूस होते. ते म्हणाले, "हे बघ, आपण पाच वर्षांचा विडा उचललाय. लोक बोलतात म्हणून मी मोडणार न्हाई. पण रोज तू बघून राहिला. पोरं शिकून राहिलीत का? एवढं खरं सांग."

"न्हाई," मी म्हणालो. "दोन साल अजून घेतले तरी काही व्हायचं न्हाई."

कोणी वाद घातला नाही. माझ्या डोळ्यांवर सगळ्यांचाच विश्वास होता. दुपारी वकीलसाहेब स्वतः उस्तादांच्या खोलीवर गेले. उस्तादांनी फक्त एवढंच विचारलं म्हणे, "कप्तान भी यहीच बोले क्या?" आणि संध्याकाळच्या मोटारीने ते गेले.

क्लब माझ्या हाती आला. खेड्यातली पोरं आठवडाभर आली, मग एकेक करून यायची थांबली. आम्ही पुन्हा जुन्यांनीच खेळायला सुरुवात केली आणि हरत राहिलो. पुढच्या पाचएक वर्षांत क्लबही मिटला. मला कोणी कधी दोष दिला नाही. दोष देण्यासारखं काही घडलं होतं हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी आखाडा बाळापूरला बांगड्यांच्या दुकानात मला उस्ताद दिसले. दुकान त्यांच्या जावयाचं होतं. डोळे पुरते गेले होते. आतल्या अंगाला बसून ते बोटांनी चाचपून बांगड्यांचे जोड लावत होते. मी नमस्कार केला, तेवढ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"कप्तान! आओ, बैठो. घुटने कैसे हैं?"

मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. नदी, धुकं, अकरा बोटं, माझा जबाब, ओसरीवरचा जबाब. त्यांचे हात थांबले नाहीत. बांगडीवर बांगडी चढत राहिली. एक जोड पुरा करून बाजूला ठेवत ते म्हणाले,

"उन पोट्ट्यांकू बोले?"

"न्हाई."

"फिर मेरेकु पहले कायकू बोले? मैं तो समझा था, दो साल और लगते. बुड्ढा आदमी, गलत समझा तो क्या बिगडा. उनकू जाके बोलो."

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. डाव्या अंगाने धावणारा तो पोरगा आता दोन लेकरांचा बाप होता. ज्वारीच्या पेरणीची तयारी चालू होती. त्याने बैल उभे केले, मला शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसवलं, पाणी दिलं. मी सांगत गेलो आणि तो मातीचं ढेकूळ हातात चुरत ऐकत राहिला.

"एवढंच सांगायले आले, दादा?"

"एवढंच."

तो जरा हसला. मग त्याने तोंड वळवलं आणि शेताकडे बघतच म्हणाला, "तुमी म्हणले ना, दोघं-तिघं चुकले. मले वाटलं, त्याच्यात मीच हावो. माझ्यापायी उस्ताद गेले. म्हणून मी यायचं सोडलं."

"मग दुसऱ्यांना विचारायचं होतं."

"कोन इचारन? इचारलं अन् आपलंच नाव निघालं तं?"

त्याने बैलांना हाक दिली. औत पुढे गेलं. मी धुऱ्यावर बसून राहिलो. उरलेली दहा पोरं कोणकोणत्या गावची होती ते आठवू लागलो, आणि त्यातल्या प्रत्येकाने इतकी वर्षं मनाशी काय धरून ठेवलं असेल, ते मला आधीच कळून चुकलं होतं.