वच्छलाबाईंचा खेळ कॅसेटवर भरला त्याची गोष्ट

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत महादेवरावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांची बायको वच्छलाबाई अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका बुटक्याला नदी पार करवत बसलेली असायची.

हा बुटक्या टीव्हीतला. महादेवरावांचा भाचा चंद्रभान मस्कतला नोकरीला होता. सुट्टीत तो मामाकडेच उतरायचा, आणि यंदा त्यानं टीव्हीला जोडायचा खेळ आणला होता. नदीत ओंडके वाहत येतात, बुटक्यानं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत पलीकडचा काठ गाठायचा. वरून पाखरं दगड टाकतात. काठांमागून काठ, प्रत्येक नदी आधीच्यापेक्षा खवळलेली, आणि शेवटच्या काठावर एक घंटा. ती वाजवली की आकाशात फुलबाज्या उडतात. चंद्रभान स्वतः त्या घंटेपर्यंत एकदाही पोहोचला नव्हता. मामी मात्र दुपारची भांडी झाली की पदर खोचून बसायची आणि चहाच्या वेळेपर्यंत फुलबाज्या.

"मामी, तुमचे हात हायेत का मशीन?"

"तू चूप गा. मले दिसून राहिलं."

हात तसे घडलेलेच होते. वच्छलाबाई भिवापूरच्या. तिथं मिरचीचे सातरे असत. लाल मिरचीचे ढीग घालून बाया ओळीनं बसत आणि देठ खुडत. वच्छलाबाई लग्न होईपर्यंत त्या ओळीत बसल्या. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण रुखमाबाई. साऱ्या सातऱ्यावर रुखमाबाईचा हात पहिला, वच्छलाचा दुसरा. कायम दुसरा. लग्नं झाली, केस पिकले, तरी हा हिशेब दोघींच्या मनातून गेला नव्हता.

त्याच रुखमाबाई गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि खुबा मोडून घेऊन बसल्या. आता बाजेवरून न्हाणीपर्यंत जायचं म्हटलं तरी सुनेचा खांदा लागायचा. चंद्रभान मस्कतला न्यायला तिखट आणण्यासाठी भिवापूरला गेला, तेव्हा त्यांना भेटून आला आणि मामीच्या फुलबाज्यांचं वर्णन करून आला. परत आल्यावर तो दारातच हसायला लागला.

"काय म्हणे माही बहीण?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"म्हणे, वच्छीच्या हातून घंटा वाजते? तिच्या हातून तं देवळातली वाजत नव्हती. पाह्यल्याबिगर मी मानत नाही म्हणे."

"असं म्हणे?"

"असंच म्हणे."

वच्छलाबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "मंग तिले दाखवा लागन."

पण दाखवणार कसं? रुखमाबाई नागपूरला येऊ शकत नव्हत्या. चंद्रभानला उद्या सकाळी निघायचं होतं, आणि खेळ त्याच्या मस्कतमधल्या मित्राचा. तो परत न्यायलाच हवा होता. महादेवराव दुकानातून ओरडले, "अरे, तिच्या पोरानं व्हीसीआर घेतला ना यंदा! कॅसेट भरून पाठव ना गा!"

कॅसेट भरायची! चंद्रभान सायकलवर टांग टाकून गेला आणि व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याचा व्हीसीआर कॅरियरला बांधून घेऊन आला. खेळाची वायर त्यानं व्हीसीआरमध्ये खोचली, व्हीसीआरची टीव्हीत. लाल दिवा लागला. शेजारच्या प्रेमलताबाई वाळत घातलेल्या शेवयांसारख्या सरगुंड्या तशाच टाकून बघायला आल्या.

आणि टीव्हीनं दम सोडला. चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकलं, काठ दिसेनासे झाले. शिवाय प्रत्येक ओंडक्याशेजारी त्याची एक फिकी सावली वाहायला लागली. वच्छलाबाईंनी उडी मारली ती सावलीवर. बुटक्या बुडाला.

"हे काय गा? एकाचे दोन काहून दिसून राहिले?"

"भुतं आहेत, मामी."

"अगं बाई!" प्रेमलताबाई दोन पावलं मागे.

"तशी भुतं नाही जी! वायर ढिली असली की चित्राची सावली पडते, तिले भूत म्हणतात. आन् चित्र सुकलं ते व्होल्टेजनं. टीव्ही, खेळ, व्हीसीआर, कूलर... एवढे जण एकाच ताटात जेवून राहिले. कोणाचंच पोट नाही भरत."

"मंग एकाले उठव पंगतीतून."

उठवायचा कोण, तर कूलर. नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, कूलर! महादेवराव खिडकीशी आडवे झाले. "बुढी मरन माही. कॅसेटच्या पायी मरन."

"मरू द्या. पहिले भरून होऊ द्या."

कूलर बंद झाला. वाळ्याचा वास हळूहळू सुकला आणि भिंतींतून ऊन आत यायला लागलं. चंद्रभाननं नवी वायर कापून घट्ट जोडली. चित्र पसरलं, भुतं गेली, ओंडके पूर्वीसारखे एकेकटे वाहू लागले.

"आता सारे चूप!" महादेवराव ओठांवर बोट ठेवून म्हणाले. त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता. पुतणीच्या लग्नातली गाणी त्यांनीच भरली होती, आणि त्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांपेक्षा कोणा आजोबांचा खोकला जास्त होता. "एक शब्द बोलान, तं जलमभर राहीन त्याच्यात."

घर चिडीचूप झालं. प्रेमलताबाईंनी पदर तोंडात धरला. महादेवराव दुकानात जाऊन पंक्चरवाल्या गिऱ्हाइकाला हातवारे करून बसवून आले. चंद्रभान श्वास रोखून. कूलरही नाही, त्यामुळे बटणांचा टकटक आवाज खोलीभर.

पहिल्या नदीत बुटक्या बुडाला.

पुन्हा. दुसऱ्या नदीत बुडाला. पुन्हा, आणि आता तर काठावरूनच पाण्यात.

वच्छलाबाईंच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. नजर टीव्हीवरून खाली येऊन स्वतःच्या बोटांकडे जात होती. एवढ्यात भिंतीपलीकडे प्रेमलताबाईंच्या कुकरनं सणसणीत शिट्टी मारली. सगळे दचकले. महादेवरावांनी कपाळावर हात मारला. बुटक्या बुडाला, हे वेगळं सांगायला नको.

"माफ कराजी, वरणाचा होता," प्रेमलताबाई पुटपुटल्या.

"राहू दे." वच्छलाबाईंनी खेळ खाली ठेवला. "नाही होत मायानं. रुखमी बरोबरच म्हणते. उगीच तुमाले सगळ्याले उन्हात बसवलं."

चंद्रभाननं काहीतरी करायचं म्हणून कॅसेट मागे नेऊन लावून पाहिली. चित्र स्वच्छ होतं. खेळाचं ते टिंगटिंग संगीत होतं. बुटक्या दर खेपेला नियमानं बुडत होता.

"थांब, थांब," महादेवराव उठून बसले. "कुकर कुठं गेला?"

"कोणता कुकर?"

"अरे, शिट्टी झाली ना! एवढी मोठी! ह्याच्यात काहून नाही आली?"

चंद्रभाननं पुन्हा मागे नेलं. बुटक्या बुडाला, पण शिट्टी नाहीच. तो व्हीसीआरकडे पाहत राहिला आणि मग स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. "मामा! ह्याले माइक कुठं आहे? हे तं फक्त वायरीतून येते तेवढंच भरते. आपण इथं बँड लावला असता तरी कॅसेटमध्ये आला नसता!"

"मंग आमी काहून मुके झालो होतो?"

"तुमीच म्हटलं चूप बसा!"

"मले काय माहीत! मी का मस्कतचा?"

वच्छलाबाईंनी दोघांकडे पाहिलं, मग प्रेमलताबाईंकडे. त्यांचा चेहरा बदलला होता. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "अवं, सातऱ्यावर एक बाई तरी चूप राहाची का? तोंड चालू राहे तं हात चालू राहे. चूप बसलं की मले मायीच बोटं दिसतात. बोल वं प्रेमलता."

"काय बोलू?"

"कायबी. तुह्या नणंदेचं सांग."

चंद्रभाननं कॅसेट मागे नेऊन पुन्हा भरायला लावली, वच्छलाबाईंनी खेळ उचलला. प्रेमलताबाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी पदर सारखा केला. "आता नणंदेचं काय सांगू! रुखवतात ठेवाले म्हणून मायी पितळी परात नेली..."

"तांब्याची म्हणे ना तू?" वच्छलाबाईंचा बुटक्या पहिली नदी ओलांडून गेला.

"पितळी जी! आन् आता म्हणते, तिच्या सासूनं दिली."

"सासूच्या घरी तं ताट नव्हतं धड," महादेवराव खिडकीजवळून.

"तुमाले काय माहीत तिच्या घरचं?" वच्छलाबाईंची नजर टीव्हीवर, कान परातीवर, बोटं आपापल्या कामाला. दगड पडत होते, बुटक्या सटकत होता. परातीचा तंटा नंदनवन कॉलनीतल्या जावेपर्यंत पोहोचला, तिथून कोर्टाच्या धमकीपर्यंत. पंक्चरवाला गिऱ्हाईक आत येऊन उंबऱ्यात बसला आणि त्यानं आपल्या वहिनीच्या घागरीची गोष्ट जोडून दिली.

आणि घंटा वाजली. चंद्रभान उडी मारून उठला. फुलबाज्यांचा लाल-हिरवा उजेड सगळ्यांच्या घामेजल्या तोंडांवर पडला.

"मंग? आणली का परात?" वच्छलाबाईंनी विचारलं.

चंद्रभानची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटली, आणि त्याला निरोप देऊन वच्छलाबाई थेट भिवापूरच्या बसमध्ये चढल्या. कॅसेट पदराखाली, उन्हानं वितळू नये म्हणून. रुखमाबाईंच्या पोरानं ती लावली. रुखमाबाई बाजेवर कुशीला वळल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"ह्यात तू कुठं आहेस वं?"

"मी कशी राहीन त्याच्यात? मी टीव्हीसमोर बसली होती."

"मंग हे कोणाच्या हातानं चालून राहिलं, मले कसं समजन? चंद्रभाननं खेळला असन. तुहे हात कुठं हायेत ह्याच्यात?"

एवढी वायर बदलली, कूलर बंद केला, पण हात कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. वच्छलाबाई बाजेच्या कडेवर टेकल्या. आता सांगून उपयोग नव्हता. शपथ घेतली तर रुखमी आणखी हसली असती.

पण रुखमाबाई हसत नव्हत्या. त्या कोपरावर उठल्या. "हे पाह्य. हा उडी माराच्या अगुदर जरासा मांगं होते."

"होते. मंग?"

"दर खेपेले होते. मांगं सरते, मंग जाते." रुखमाबाईंनी बहिणीकडे वळून पाहिलं. "तू लहान होती तं ओढा वलांडाच्या अगुदर अशीच एक पाऊल मांगं सरे. बाबा किती हासत होते. चंद्रभान कशाले असं करन?"

"मी करते असं?"

"तुले कसं माहीत राहीन? तुह्यामांगून मी येत होती ना." त्यांनी मान परत टीव्हीकडे नेली. "तूच होय. चूप बस आता, पाहू दे मले."

पाखरांनी दगड सोडले. रुखमाबाईंनी बाजेची कड घट्ट धरली. "अवं डावीकडं! डावीकडं वं वच्छे, मरतं का!"

वच्छलाबाईंना पुढचं सगळं माहीत होतं. त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि बहिणीच्या बाजूला जागा करून घेतली.