सेम टू सेम बाई

नागपूरच्या विमानतळावर सिंधूताई खोब्रागडेंना विमानातले कर्मचारी पाठीमागे ‘सेम टू सेम बाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाचीच नव्हती. मी, देवराव भोयर, त्यांच्या शेजारी चार वर्षं एक्स-रे मशीनवर बसलो. दिवसभर लोकांच्या बॅगांची पोटं बघायची आणि लोकांचे टोमणे ऐकायचे, हे माझं काम. त्यामुळे स्वभाव जरा तिखट झालाय, हे आधीच सांगून ठेवतो. पण सिंधूताईंबद्दल कुणी वाकडं बोललं की मला आजही राग येतो, रिटायर होऊनसुद्धा.

ताईंचं काम पडद्याआडचं. बायकांची तपासणी. लाकडी चौथऱ्यावर बाईला उभं करायचं, हात पसरायला सांगायचं आणि हातातलं मशीन खांद्यापासून घोट्यापर्यंत फिरवायचं. त्या मशीनला आम्ही दांडा म्हणत असू. धातू लागला की दांडा किंचाळतो. जोडवी, मंगळसूत्र, पदराची पिन, गुडघ्यात बसवलेली वाटी, सगळीकडे किंचाळतो. दिवसाला तीन-चारशे बायका. ताई प्रत्येकीला तेच विचारणार, त्याच आवाजात, मग ती साहेबाची बायको असो नाहीतर पहिल्यांदाच विमानात बसणारी शेतकरीण.

त्यांची एक पद्धत होती. ड्युटी सुरू झाली की पहिली तपासणी स्वतःची. मयुरा नावाची ज्युनिअर पोरगी होती, तिच्या हाती दांडा देऊन ताई चौथऱ्यावर हात पसरून उभ्या राहायच्या. मयुराला हसू आवरायचं नाही.

“हसू नको वं,” ताई म्हणायच्या. “नीट पाहाय. आज मले सोडलं तर उद्या कोणालेबी सोडशीन.”

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. ताई पारशिवनीजवळच्या खेड्यातल्या. त्यांचे आजी-आजोबा छप्पन साली नागपूरला येऊन दीक्षा घेऊन गेले. त्याआधी गावच्या विहिरीवर आजीची रांग वेगळी होती. रांग कसली, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून लांब उभं राहणं. म्हातारी नातीला सांगायची, वेगळी रांग दिसली की विचारायचं, काहून? का म्हणून? ती रांग आपल्यासाठी असो की दुसऱ्यासाठी.

आणि विमानतळावर तर वेगळ्या रांगेचीच भांडणं. पायलट आणि हवाई सुंदऱ्या रांग सोडून पुढे यायच्या. वेळेचा प्रश्न असतो, पुढे यायला आमची ना नव्हती. पण पुढे आल्यावर त्यांना तपासणीही नको असायची. एका कॅप्टनसाहेबांच्या बॅगेत नेलकटर दिसला म्हणून विचारलं आणि पट्टा काढायला सांगितला, तर त्यांनी आवाज चढवला. “मी विमान चालवतो. कॉकपिटमध्ये माझ्या पाठीशी कुऱ्हाड असते, आणि तुम्ही माझ्या नेलकटरची चौकशी करता?” रांगेतले चार लोक हसले. खरं सांगू, मलाही त्यांचं पटलं. ज्याच्या हातात दीडशे जीव, त्याला पट्टा काढायला लावून काय मिळणार?

सिंधूताई पडदा सारून बाहेर आल्या.

“कुऱ्हाड विमानाची हाय, साहेब. नेलकटर तुमचा हाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “अन् तुमच्यावर डाऊट नाई. तुमच्या बॅगीत दुसऱ्या कोणी काही टाकून देल्लं, तर तुमाले तरी मालूम राहते का? आम्ही पाहून घेतलं म्हंजे तुमचा जीव मोकळा. सगळ्याईले सेम टू सेम.”

कॅप्टननी पट्टा काढला, पण तोंड कडू करून. त्या दिवसापासून ताईंना ते नाव चिकटलं.

एरवी ताई घरचं काही बोलत नसत. एकदाच, डबा खाताना, बोलल्या. भरती झाल्यावर त्यांना आसामात पाठवलं होतं. मुलगा रोशन तेव्हा आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा. त्याला आईपाशी ठेवून त्या गेल्या. तो तीन वर्षांचा असताना सुट्टीवर आल्या, तर त्याने आजीला विचारलं, “हे बाई आपल्या घरी किती दिवस राहते?” एवढं सांगून ताईंनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेल्या. अर्धी पोळी तशीच राहिली होती.

आता त्या सकाळचं सांगतो.

मे महिना होता, नऊ वाजताच बाहेर भट्टी पेटलेली. आधी एक म्हातारी आली, मुलाकडे पुण्याला चाललेली. तिच्या पिशवीत पानाची चंची, आणि चंचीत अडकित्ता. हे आमच्याकडे रोजचंच. आपल्या विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही विमानात बसवाल, पण सुपारीपासून तोडू शकणार नाही. काढून घेतलेल्या वस्तूंच्या डब्यात आठवड्याला तीन-चार अडकित्ते तरी जमायचेच. म्हातारीने तो देताना मला दोन शिव्या हासडल्या, आम्ही हसलो, अडकित्ता डब्यात पडला, म्हातारी विमानाकडे गेली. विषय संपला.

तासाभराने दामिनी आली. ही कोराडीची पोरगी, बाप वीज केंद्रात कामाला. विमानात हवाई सुंदरी म्हणून तिला नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. बाळंतपणाची रजा संपवून ती त्या दिवशी पहिल्यांदा कामावर निघाली होती. आम्ही सगळे तिला ओळखत होतो. हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. बॅग मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवून ती पडद्याआड गेली.

बॅग माझ्यासमोर आली. दूध काढायचा पंप, रिकामी बाटली, लाली-पावडर. आणि पंपाच्या पिशवीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, अडकित्ता.

मी मशीनचा पट्टा थांबवला. त्याचं कारण होतं. प्रवाशाकडे असं काही निघालं तर आम्ही काढून घ्यायचो आणि सोडून द्यायचो. पण क्रूकडे निघालं की साहेब कंपनीला रिपोर्ट पाठवायचे. लेखी नियम नव्हता, आमच्याकडे पडलेली रीत होती. कंपनी अशा मुलीला आधी घरी बसवायची आणि चौकशी मग. दामिनीचा तर करार त्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता. रिपोर्ट गेला की तिची नोकरी गेली.

ताई पडद्याबाहेर आल्या तेव्हा मी स्क्रीनवरचा अडकित्ता दाखवून हळूच म्हणालो, “ताई, राहू द्या. आपलीच पोरगी आहे. मी पाहिलंच नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लहान झालो.

“देवरावभाऊ, बॅग उघडा.”

मला त्यांचा संताप आला. वाटलं, हिच्या छातीत काळीज आहे की तो दांडाच आहे? पण बॅग उघडली.

अडकित्ता बघून दामिनीचा चेहरा पांढरा पडला. इतका वेळ तोललेली भाषा गेली आणि कोराडीची पोरगी बोलायला लागली. “मले खरंच मालूम नव्हतं, ताई. हा बाळाच्या उशाखाली राहते. आईनं टाकला असन. ते म्हणे, पाजणारी बाई लेकरू टाकून घराबाहेर निंघाली, तर लोखंड जवळ पाहिजे, नजर लागते. मी नाई म्हटलं होतं तिले. आता माही नोकरी जाते का, ताई?”

तोवर आमचे अधिकारी, सौरव साहेब, येऊन उभे राहिले होते. तरुण माणूस, वाईट नव्हता. पण त्यांनी रिपोर्टचा कागद मागवला.

“सर,” सिंधूताई म्हणाल्या, “सकाळी एका बुढीच्या चंचीतून अडकित्ता निंघाला. तो कुठी हाय?”

“डब्यात असेल.”

“तिचा रिपोर्ट केला?”

“ती प्रवासी होती, ताई. ही क्रू आहे. हिला कळायला पाहिजे.”

“म्हंजे तपासणीत सेम, अन् शिक्षेत वेगळी रांग? काहून?” ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “चार वर्षं झाले, या लोकाईचे बोल खाऊन राहिली मी. काहून, तर सगळ्याईले सारखं तपासा म्हून. मंग वागवाबी सारखंच. हिच्या हातात चाकू नाई सापडला, आईनं टाकलेला अडकित्ता सापडला. तपासणी झाली, वस्तू निंघाली, डब्यात टाका. बुढीले जे केलं तेच. नाई तर वेगळं करा म्हून लेखी दाखवा मले.”

साहेबांनी मोबाईल काढला, बराच वेळ खालीवर केला. लेखी काही नव्हतंच. मागे तेच कुऱ्हाडवाले कॅप्टन उभे होते. कुणी न सांगता त्यांनी पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवला.

“उद्या वरून विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल,” साहेब म्हणाले. “तुमच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत, ताई.”

“आठ महिने बोलाले पुरते, सर. आणा इकडं ते डब्याचं रजिस्टर, सही करतो.”

त्यांनी सही केली. दामिनीचा अडकित्ता डब्यात पडला, म्हातारीच्या अडकित्त्यावर, खणकन. मला लाज वाटली. मी पोरीला चोरून सोडवायला निघालो होतो आणि ताईंनी तिला ताठ मानेनं सोडवलं. माझ्या सोडवण्यात ती जन्मभर माझ्या उपकाराखाली राहिली असती. पुढे महिनाभराने वरून एक विचारणा आली खरी. ताईंनी दोन ओळींत उत्तर धाडलं आणि ते तिथेच मिटलं.

पण त्या सकाळी दामिनी जागची हलेना. विमानाची वेळ झाली होती. बॅग छातीशी धरून ती डब्याकडेच बघत होती. नोकरी वाचली होती, पण भीती वेगळीच होती.

“ताई,” ती म्हणाली, “मी नाई मानत असलं काही. पण आज पहिलाच दिवस हाय. तो पाच महिन्यांचा हाय.”

सिंधूताईंनी तिचा हात धरला आणि तिला परत पडद्याआड नेलं. आत काय झालं ते मयुराने मला नंतर सांगितलं. अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायला लावून ताईंनी तिला चौथऱ्यावर उभं केलं. दांडा तिच्या डोक्यावरून पायापर्यंत फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. दांडा एकदाही वाजला नाही. मग तिच्या ब्लाऊजवर दुधाचा डाग पसरला होता, तिथे आपला स्वच्छ रुमाल घडी करून दिला आणि म्हणाल्या, “पाह्यलं? काही नाई तुह्याजवळ वाईट. जाय आता. संध्याकाळी लेकराले पोटभर पाज.”

दामिनी डोळे पुसत विमानाकडे गेली. ताई बाहेर येऊन पुढच्या बाईला हात पसरायला सांगू लागल्या, त्याच आवाजात.

दुपारी डबा खाताना मला राहवलं नाही. स्वभावच तसा. म्हटलं, “ताई, तुम्ही तर नजर-बिजर मानत नाही. आणि ते तीन वेळा फिरवणं कशात बसतं? प्रवासी बायकांना तर एकदाच फिरवता. कुठे गेलं तुमचं सेम टू सेम?”

ताईंनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

“प्यासेंजर बाई आपलं लेकरू संग घेऊन जाते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हिचं घरी राह्यलं.”