हन्ना आणि दारफाळणीचा दिवस

हन्ना गेल्याचा फोन रविवारी सकाळी आला. तिचा मुलगा डॅनियल इस्राएलमधल्या अश्दोदहून बोलत होता. "मावशी, आई शुक्रवारी दुपारी गेली. सूर्य मावळायच्या आत दफन उरकलं. काल शनिवार, आमचा विश्रांतीचा दिवस, म्हणून फोन केला नाही." त्रास झाला का, असं मी विचारलं. म्हणाला, "नाही, जेवून आडवी झाली ती उठलीच नाही." मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. संध्याकाळी, ईरा, टोरांटोहून तुझा फोन आला. आईकडून तुला कळलं होतं. तू विचारलंस, "आजी, तू खूप रडलीस का?" मी खरं तेच सांगितलं. रडले नाही, मला हायसं वाटलं. त्यावर, आजी असं कसं बोलते, असं तुला वाटलं असणार. त्याला आता तीन आठवडे झाले. फोनवर एवढं सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे. तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला, नीलला, मराठी वाचता येत नाही, पण पेपरच्या पुरवणीत छापून आलं तर आई वाचून दाखवेल. आणि ईरा, यात तुझाही भाग आहे.

हन्ना आमच्या समोरच्या घरात राहायला आली ती ब्याण्णव सालच्या मे महिन्यात. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत दोन घरांची दारं समोरासमोर, मध्ये जिन्याची चार पावलांची जागा. ती नवरा, मुलगा आणि सासूबाईंसह आली आणि जूनमध्ये माझ्याच शाळेत गणित शिकवायला रुजू झाली. मी इंग्रजी शिकवायची. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. घरात मराठी, जेवणात नारळ, नऊवारी नेसलेल्या सासूबाई. सासूबाई जुन्या वळणाच्या होत्या. शनिवारी त्यांच्याकडे विस्तव पेटवत नसत, आणि दुसऱ्या कुणाला 'पेटव' असं सांगायचंही नसे. मग त्या दारात येऊन मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आज घोटभर चहा मिळाला असता तर किती बरं झालं असतं, नाही गं हन्ना?" मी हसत जायची, गॅस पेटवून द्यायची. "आली का आमची शनवारची सुमन!" असं त्या म्हणायच्या. एका घराचं मनातलं दुसऱ्या घराला न सांगता कळतं, याचा मला फार अभिमान वाटायचा… पुढे त्यानेच घात केला.

त्याच वर्षी तुझी आई, शोभा, बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. तारीख महिनाअखेरची होती. दसऱ्याला तुझे आजोबा भावाकडे सटाण्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शोभाच्या पोटात दुखायला लागलं. रिक्षा मिळेना, सणाच्या दुसऱ्या दिवशी कोण एवढ्या लवकर बाहेर पडतंय! खाली हन्नाच्या नवऱ्याची गाडी उभी होती, आमच्या इमारतीत तेवढी एकच. मी त्यांचं दार वाजवलं. आत माणसांची चाहूल होती, पण दार उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. तेव्हा खिडकीचा पडदा सरकला. सासूबाई. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, जणू सोवळ्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात हलवून 'जा' अशी खूण केली आणि पडदा ओढून घेतला.

मी काय केलं असेल? काहीही नाही. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. दर शनिवारी यांचा गॅस पेटवायला मी चालते आणि माझ्या गरजेला मला हाकलतात, एवढंच डोक्यात राहिलं. मी वळले. खाली रस्त्यावर मखमलाबादकडचे एक फुलवाले, बाजारात झेंडू विकून रिकामा टेम्पो घेऊन परत चालले होते. मी टेम्पोला आडवी गेले. त्यांची बायको खाली उतरली, शोभाकडे एकदा बघितलं आणि नवऱ्यावर खेकसली, "बघत काय बसलाय? गोणपाटं टाका खाली!" मग माझा दंड धरून म्हणाली, "माय, घाबरू नका. लय वेळ हाय अजून. माझे चार झाले, मला कळतं." वेळ मुळीच नव्हता. दवाखान्यात पोचल्यावर वीस मिनिटांत तू जन्मलीस. शोभाच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या, त्या नर्सने एकेक करून काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे न्यायला घरी आले, तर हन्ना दारात उभी. हातात करंज्यांचं ताट, वर क्रोशाचा रुमाल. "सुमनबाई, काल…" असं ती म्हणाली आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं. आवाज होईल असं लावलं. संध्याकाळी ती पुन्हा आली. मी आत असून दार उघडलं नाही.

त्यानंतर दहा वर्षं आम्ही बोललो नाही. शिक्षकांच्या एकाच खोलीत, एकाच टेबलाशी, तिच्या गणिताच्या वह्या आणि माझ्या इंग्रजीच्या वह्या यांच्यामध्ये वीतभर जागा. काम असलं की शिपायाकरवी चिठ्ठी. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला प्रत्येक डबा त्याच्या जागी लागतो. हन्नालाही मी एका डब्यात घालून झाकण लावून टाकलं होतं. विटाळ मानणारी माणसं, असं त्या डब्याचं नाव. सासूबाई गेल्या तेव्हा मी तुमच्या आजोबांना पाठवलं, स्वतः गेले नाही. बाकी सगळ्याचं ओझं उतरलं, पण ते मात्र अजून आहे.

आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर, दोन हजार तीनच्या जानेवारीत, शाळेच्या निवृत्त शिक्षकांची अलिबागला सहल निघाली. यादीत तिचं नाव पाहून मी माझं खोडणार होते. पण पैसे भरून झाले होते आणि तुमचे आजोबा म्हणाले, "समुद्र काय तिच्या मालकीचा आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून पायी फेरी होती. किल्ला, बाजार आणि इस्राएल आळी, म्हणजे ज्यू लोकांची जुनी वस्ती. माहिती सांगायला एक निवृत्त पोस्टमन होते. सगळे त्यांना काका म्हणत होते. ते स्वतः ज्यू नव्हते, पण पस्तीस वर्षं त्या आळीत टपाल वाटलेलं. त्यांना इतिहास घरांच्या क्रमाने पाठ होता. "हे तेल्याचं घर. पूर्वी हे लोक तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव यांना शनवार तेली म्हणे. हे समोरचं मास्तरांचं, आता सगळे इस्राएलात, बिअरशेबाला. पत्र यायचं तर तिकिटासाठी पोरं माझ्या मागे लागायची." अरुंद रस्ता, दोन्हीकडे उतरती कौलं, निम्म्या घरांना कुलपं. हन्ना सगळ्यांच्या मागे चालत होती. तिचं आजोळ याच गावातलं, हेही मला त्या दिवशी तिथेच कळलं.

एका निळ्या दारापाशी काका थांबले. "आता हे बघा. वर्षातून एक दिवस ही अख्खी आळी दारं लावून बसायची. दारफाळणीचा सण म्हणायचे. त्यांचा सगळ्यात मोठा उपास. पांढरे कपडे, पाण्याचा थेंब नाही, दिवसभर देवाजवळ माफी मागायची. जुनी माणसं तर त्या दिवशी परक्याशी बोलायची नाहीत, शिवायची नाहीत. आता कोण एवढं पाळतंय!"

मी वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला. "कधी असतो हा सण?"

"दसऱ्याच्या आगेमागे. एखाद्या वर्षी महिनाभर आधी."

आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, "आणि त्या दिवशी शेजाऱ्याकडे कुणी मरायला टेकलं तर?"

"अहो, मीच एकदा तार घेऊन आलो होतो ना! नोकरीला नवीन. कडी वाजवतोय, वाजवतोय, कुणी येईना. मी चिडलो, म्हटलं बसा आत. तर समोरचा पानवाला ओरडला, 'अरे येड्या, कडी काय वाजवतोस, हाक मार!' मग मी बोंब ठोकली, 'तार आलीय, मुंबईला पोरगा दवाखान्यात हाय!' वाक्य पुरं व्हायच्या आत दार उघडलं. जिवाचं काम असलं की सण बाजूला, असा त्यांचा कायदाच आहे. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. ताटं घेऊन शेजारीपाजारी जायचे. काल दार लावलं होतं ना, म्हणून."

मंडळी पुढे सिनेगॉगकडे गेली. मी तिथेच राहिले. हन्ना त्या बंद घराच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि उभी राहिले. म्हटलं, "हन्नाबाई, त्या दिवशी शोभाच्या पोटात कळा येत होत्या."

"मला तिसऱ्या दिवशी कळलं," ती म्हणाली. "दूधवाल्याकडून."

"तुमची गाडी दिसत होती…"

"सासूबाईंना वाटलं, दसऱ्याचं सोनं द्यायला आलीस. म्हणाल्या, उद्या घेऊ, आज तिला कसं समजावणार." मग तिचा आवाज चढला. दहा वर्षांत पहिल्यांदाच. "एक हाक मारायची होतीस गं! शोभाला दुखतंय, एवढंच. सासूबाईंनी स्वतः किल्ली आणून दिली असती. मरेपर्यंत मला विचारत होत्या, शनवारची सुमन अजून रागावली आहे का."

"मग तू तरी सांगायचंस!"

"कुठे सांगू? दारातून, की शिपायाच्या चिठ्ठीतून?"

यावर मला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं. आधी मला, मग तिला. ती हसायची तेव्हा तिचे खांदे हलायचे, ते मी दहा वर्षांत विसरूनच गेले होते. मी पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि माफी मागितली, सासूबाईंच्याही वाटची. ती म्हणाली, "देवाचं देव बघतो, त्याला दिवस ठरवून दिलाय. माणसाने माणसाची मागायची ती कधीही चालते. फक्त तू फार उशीर केलास बाई, माझ्या करंज्या मऊ पडल्या." तेवढ्यात काका शोधत परत आले. "अहो मॅडम, घर विकत घ्यायचं ठरलं की काय? चला, सिनेगॉगचा किल्लीवाला थांबलाय."

पुढची चार वर्षं आम्ही दोघींनी मनसोक्त वसूल केली. निफाडच्या काळ्या मनुका मी आणायच्या, शुक्रवारी ती त्या भिजवून उकळून शरबत करायची. त्यांच्यात प्रार्थनेनंतर ते प्यायचं असतं, पण माझा पेला ती आधीच बाजूला काढून ठेवायची. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला फोनवर तुझ्याशी बोलणारी हन्नाआजी ती हीच. 'हिच्या जन्माच्या दिवशी मी उपाशी होते,' असं ती का म्हणायची, ते आता तुला कळलं असेल. दोन हजार सातला डॅनियल तिला घेऊन गेला. निघताना आम्ही दोघी फारशा हळव्या झालो नाही. सांगायचं राहिलेलं काही नव्हतं. म्हणून, ईरा, फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. अलिबागच्या त्या सहलीच्या यादीतून मी माझं नाव खोडलं असतं, तर हाच फोन मी कसा ऐकला असता… तो विचार मी फार लांबवत नाही.

तिच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, दोघंही अंबडला कारखान्यात कामाला. ओळख नावापुरतीच. परवा दुपारी मला एकाएकी गरगरायला लागलं. तुमचे आजोबा पेन्शनच्या कामाला गेलेले. भिंत धरत समोर गेले. आत टीव्ही चालू होता. हात वर केला आणि दार वाजवायच्या आधी माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अगं, मी समोरची सुमनआजी. मला चक्कर येतेय, मला धर." आजकाल मी कुणाच्याही दारात अशीच बोलते. पेपरवाल्याच्या घरीसुद्धा आधी काम सांगते, मग कडी वाजवते. आजोबा हसतात. टीव्हीचा आवाज बंद झाला, पावलं धावली, आणि कणकेच्या हातांनीच त्या मुलीने दार उघडून मला आत घेतलं.