दुधी चकत्या

प्रयोगशाळेत तिला सगळे चिकटबाई म्हणत. अकरा वर्षं डिंकासारख्या रसायनांनी माखलेली काचेची भांडी घासली म्हणून, आणि एखादी गोष्ट धरली की सोडत नसे म्हणूनही. शिक्षण बारावीपर्यंत. काम भांडी धुण्याचं आणि नमुने गरम पाण्यात ठेवून राखण करण्याचं.

तिथे एक नवा पदार्थ करू पाहत होते. काच ज्यापासून बनते ते द्रव्य आणि प्लास्टिकचं द्रव्य एकाच नळीत ओतायचं. दोन्हींची बारीक जाळी एकमेकांत गुंतत वाढली, की काचेसारखी पारदर्शक, कठीण पण पडली तरी न फुटणारी चकती मिळणार, असा हिशेब. प्रत्यक्षात निघत होत्या दुधासारख्या पांढुरक्या चकत्या. आरपार काही दिसेल तर शपथ!

चाळिसावी चकतीही तशीच निघाली, तेव्हा मुख्य संशोधक सगळ्यांदेखत म्हणाले, "भांडीच नीट धुतली जात नाहीत. दुसरं काय कारण असणार?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, भांड्यात डाग दाखवा, मी आत्ता घरी जाते."

साहेबांनी डाग दाखवला नाही. नुसती मान फिरवली.

घरी नवरा म्हणाला, "कशाला उगाच वाकड्यात शिरतेस?"

"अकरा वर्षं सरळच चालले ना? काय मिळालं? घाणेरडी हे नाव!"

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तिने दोन नळ्या मांडल्या. एकीत फक्त काचेचं द्रव्य, दुसरीत फक्त प्लास्टिकचं. दर पंधरा मिनिटांनी नळी तिरकी करायची, द्रव वाहतोय का बघायचं, वहीत वेळ लिहायची. सुट्टी संपली तरी हातातलं काम सांभाळून तिची नजर तिथेच. प्लास्टिक दोन तासांत गोठलं. काचवालं संध्याकाळी निघेपर्यंत पाण्यासारखं हलत होतं.

म्हणजे एक जाळं पुढे पळत होतं. मागे राहिलेल्याला जागाच उरत नव्हती, ते गोळ्यागोळ्यांनी साचत होतं. पांढरेपणा त्याचा होता.

तिने साहेबांना वही दाखवली. "तुम्ही भांडी बघा," ते म्हणाले.

मग तिने विचारणंच सोडलं. प्लास्टिकला गोठवणारी पूड निम्म्याहून कमी केली, काचेच्या द्रव्यात आम्ल थोडं वाढवलं, पाणी कोमट ठेवलं. सात चकत्या वाया गेल्या. आठवीतून तिला स्वतःच्या तळहातावरच्या रेषा स्पष्ट दिसल्या.

संचालकबाई पाहणीला आल्या, तेव्हा तिने ती चकती सरळ टेबलावर ठेवली. "भांडी तीच आहेत, बाई. धुणारीही तीच."

संचालकबाईंनी चकती उचलून खिडकीसमोर धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

साहेबांनी शोधनिबंध लिहिला. शेवटी एक ओळ होती : 'मदतीबद्दल आभार.' तिने सगळी मापं लिहिलेली वही कपाटात घालून किल्ली पर्समध्ये टाकली.

"वही संस्थेची आहे," साहेब ओरडले.

"असेल. अक्षर माझं आहे. आभार नकोत, नाव घाला."

दीड महिना निबंध अडला. नोकरी जाईल म्हणून नवऱ्याची झोप उडाली, तिची नाही. अखेर संचालकबाईंनीच तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घातलं. साहेबांनी माफी काही मागितली नाही. तिनेही वाट पाहिली नाही. सोमवारी सकाळी ती चकत्या जाड करता येतात का, ते बघायला बसली होती.