कुत्रीची टाच

दर्यापूरच्या फाट्यावर जीपचा धक्का लागून माझ्या कुत्रीचा मागचा पाय मोडला. घरात ती आणि मी, तिसरं कोणी नाही. आमच्याकडे माणसाचा मोडका पाय तुराट्या लावून सरळ बांधतात. तसाच मी तिचाही ताणून बांधला. आठ दिवस ती विव्हळत होती. मला वाटलं, हाड जुळत असेल.

शेवटी पोत्यात घालून तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं पट्टी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हा सांधा काहून सरळ केला?"

"गुडघा उलटा वाकला होता."

"गुडघा वर, पोटापाशी हाय. ही तिची टाच होय. कुत्रं बोटावर चालते. घरी कोनाले विचारलं नाही?"

"घरी कुत्रीच हाय. तिले विचारू?"

त्यानं हाड पुन्हा बसवलं, तेव्हा पाय मीच दाबून धरला. आता ती लंगडत चालते. आधी माझ्या खाटेखाली झोपायची, आता अंगणात झोपते. मी हात पुढे केला की तो पाय पोटाखाली ओढून घेते. तिचं बरोबर आहे. मी भाकर ठेवते आणि घरात येते. मग ती खाते.